मोटारवाले सर

जिंतूरला मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला भाडं सांगितलं नाही, पाणी कधी येतं तेही सांगितलं नाही. किल्ली हातात धरून त्यांनी विचारलं, "समजा, मोटार करायचीय आणि पत्रा मिळत नाही. मग मोटार कशाची करायची?"

मी भूगोल शिकवते. काही सुचलं नाही की आम्ही भूगोलवाले जंगलात शिरतो. मी म्हटलं, "लाकडाची."

"कापसाची," ते म्हणाले आणि इतक्या आनंदानं त्यांनी दार उघडलं की खोली नीट न बघताच मी ती घेऊन टाकली. पाणी एक दिवसाआड येतं हे मला नंतर रिकाम्या बादलीनं सांगितलं.

मी ज्या महाविद्यालयात नुकती लागले होते तिथंच हे माझे घरमालक, म्हणजे सर, अर्थशास्त्र शिकवायचे. निवृत्तीला आले होते. सारं गाव त्यांना मोटारवाले सर म्हणायचं. नव्या माणसाला वाटायचं, यांची मोटारींची एजन्सी असणार. प्रत्यक्षात सरांच्या नावावर सायकलसुद्धा नव्हती. ते कॉलेजला चालत यायचे, परभणीला एसटीनं जायचे, आणि जिथं एसटी जात नाही तिथं सहसा त्यांचं काही काम निघायचं नाही.

मोटारी होत्या त्या सगळ्या त्यांच्या प्रबंधात. समाजवादी देशांत सरकारनं मोटारी, ट्रक आणि ट्रॅक्टर कसे बनवले, या विषयावर तरुणपणी त्यांनी पीएच.डी.ला नाव नोंदवलं होतं. परभणीच्या शेतांत तेव्हा चेकोस्लोव्हाकियाचे नि रशियाचे ट्रॅक्टर फिरत. ते कुणी बनवले, कुणासाठी बनवले, एवढ्या लांब ते आले कसे, या कुतूहलातून तो विषय निघाला. पहिलं प्रकरण पूर्व जर्मनीवर होतं. सर चौथ्या प्रकरणापर्यंत पोचले आणि पूर्व जर्मनी नकाशावरून गेला. मग चेकोस्लोव्हाकियाचे दोन तुकडे झाले, रशियाचे पुष्कळ झाले, युगोस्लाव्हियाचं तर विचारूच नका. सर ज्या देशावर लिहायला घेतात तो देश बुडतो, अशी स्टाफरूममध्ये थट्टा चालायची. एकानं तर त्यांना आता जरा शेजारच्या देशांवर लिहा म्हणून सुचवलं होतं. शेवटी मार्गदर्शकांनी सांगितलं की हा विषय आता अर्थशास्त्रात बसत नाही, तुम्ही इतिहासवाल्यांकडे जा. इतिहासवाले म्हणाले, हा तर कालचाच विषय आहे, अजून मुरला नाही. दोन्हीकडून नकार घेऊन सर घरी आले. पण विषय काही त्यांनी सोडला नाही.

महागाईवर तास असला तरी पंधरा मिनिटांत ते पूर्व जर्मनीत पोचायचे. त्या देशाला पुरेसं पोलाद मिळेना, पलीकडचे देश विकेनात. मग त्यांनी रशियाकडून गिरण्यांतला टाकाऊ कापूस आणला, त्याचे थर रसायनात भिजवून तापत्या साच्यात दाबले आणि त्यानं मोटारीचा सांगाडा झाकला. सर हे सांगताना दोन्ही तळवे एकमेकांवर दाबून धरत. मुलं हसायची. मलाही पहिल्या वेळेला हसू आलं होतं.

"माझा बाप जिनिंगमधे हमाल होता," एकदा गच्चीवर त्यांनी मला सांगितलं. "कापसाची धूळ छातीत बसून बसून मेला. खोकला न्हाई असा माझा बाप मी पाह्यलाच न्हाई. आपल्याकडं कापसानं माणसं गेली, आणि त्यांनी त्याच्यातून साध्या कामगाराला बसायला मोटार काढली. कशी का असंना, काढली." त्यानंतर मी त्या गोष्टीला कधी हसले नाही.

ते आंधळे भक्त मात्र नव्हते. त्या मोटारीत पेट्रोल किती उरलंय ते कळायला काटा नसायचा, पट्टी बुडवून बघावी लागे, हे तेच सांगत. नंबर लावल्यावर दहा-बारा वर्षांनी गाडी मिळायची, त्यामुळे जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा महाग विकली जायची. "पण रांग सगळ्यांना सारखी होती," असं म्हणून ते प्रामाणिकपणे पुस्ती जोडायचे, "म्हंजी मोठे साहेब सोडून."

एसटीचं वेड त्यांना होतं त्याचं कारणही असंच. ते म्हणायचे, "गावात बैलगाडी पाटलाची असायची, आणि आमच्या आज्यानं गाडीमागं चालायचं. एसटी आली तवा माझा बाप पहिल्यांदा पाटलाच्या शेजारी बसला. तिकीट दोघांचं एकच." काळीपिवळी जीप समोर उभी असली, तिच्यात जागा असली, ड्रायव्हर हात धरून ओढत असला, तरी सर उन्हात एसटीची वाट बघत बसायचे. आणि त्यांच्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन मावशी.

मावशी म्हणजे सरांच्या पत्नी. सगळं गाव म्हणतं म्हणून त्याही नवऱ्याला सरच म्हणायच्या. त्यांचं माहेर चारठाण्याचं. तिथं त्यांचा थोरला भाऊ, दादा, थोडी शेती करून एकटाच राहायचा. बहिणीच्या लग्नात या दादानं हौसेनं मेहुण्यासाठी स्कूटर बुक केली होती. त्या काळी आपल्याकडेही स्कूटरला नंबर लावायला लागायचा. कितीतरी वर्षांनी नंबर आला, दादा नवी कोरी स्कूटर घेऊन दारात हजर, आणि सरांनी ती घेतली नाही. हुंडा उशिरा आला म्हणून तो हुंडा नसतो का, असा त्यांचा सवाल. दादानं वाद घातला नाही. त्याच स्कूटरवर बहिणीला बसवलं आणि चार दिवस माहेरी घेऊन गेला. पुढं कायम तेच चाललं. मावशींना माहेरची आठवण आली की दादाची स्कूटर यायची. सर दारात उभं राहून निरोप द्यायचे आणि स्वतः मागून एसटीनं जायचे.

मग दादा म्हातारा झाला, स्कूटर बसली, आणि मावशींचे गुडघे गेले. एसटीची पायरी त्यांना चढवेना. एकदा मी खालून ढकलायला आणि कंडक्टर वरून ओढायला, असं करून त्यांना चढवलं होतं. खाली उतरल्यावर त्या म्हणाल्या, "आता मी जायची न्हाई बाई. मला काय पोतं समजायलेत का?" त्यांचं माहेर तिथंच थांबलं.

मुलगा पुण्याला नोकरीला. त्यानं आईसाठी एक छोटी पांढरी मोटार घेतली आणि अंगणात आणून लावली. सरांनी ती रोज सकाळी पुसायला सुरुवात केली. बॉनेट उघडून ते मला तासन् तास समजावून सांगत. पण आत काही ते बसले नाहीत. चालवायचं तर नावच नको.

"तुमी न्हाई शिकत तर मी शिकते," मावशी म्हणाल्या. आम्हाला वाटलं, रागानं म्हणाल्या. पण दुसऱ्या आठवड्यात त्या खरोखरच गॅरेजवाल्या चाचांच्या शेजारी बसून कॉलेजच्या मैदानावर गोल गोल फिरायला लागल्या. मागच्या सीटवर मी. चाचा शांत माणूस. गाडी गोलपोस्टवर चालली तरी "आहिस्ता, आपा, आहिस्ता" याच्यापलीकडे आवाज चढायचा नाही. मैदान जमलं, आणि घरच्या फाटकात घोळ झाला. पुढचं मडगार्ड खांबाला घासून पार चेपलं.

मावशी रडवेल्या झाल्या. सरांचा चेहरा मात्र असा फुलला की मला त्यांचा रागच आला. चाचा म्हणत होते नवीन पार्ट मागवू. सर म्हणाले, "थांबा."

पुढचा महिनाभर आमच्या गच्चीवर मोटारींचा कारखाना होता. जिनिंगवरून टाकाऊ कापसाचं पोतं आलं, परभणीहून पाण्याच्या टाक्या सांधायचं रेझीन आलं. चाचांनी चेपलेलं मडगार्ड ठोकून नुसत्या आकारापुरतं सरळ करून दिलं, तो साचा. दाबायला जुन्या जात्याचे दगड. पहिल्या खेपेला सरांनी कापसाचे थर पसरून ठेवले आणि जेवायला खाली आले, तेवढ्यात शेजारची शेळी जिन्यानं वर जाऊन निम्मं मडगार्ड खाऊन आली. दुसऱ्या खेपेला ते साच्याला असं चिकटलं की साचाच फेकावा लागेल असं वाटलं. तिसऱ्या खेपेला सुटलं. जाड, तपकिरी, एका अंगाला किंचित वाकडं, पण ठोकलं तर टणटण वाजणारं. चाचांनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"सर, ये मडगार्ड है की गोधडी?"

"बसतंय का बघा."

ते बसलं. चाचांनी इकडून तिकडून पट्ट्या मारून बसवलं. मुलानं व्हिडिओ कॉलवर ते बघितलं आणि म्हणाला, "बाबा, दुकानात नवं मिळतं ओ."

"मिळतं म्हणूनच तर कुणी करून बघत न्हाई," सर म्हणाले. त्या रात्री ते जेवताना दोनदा उठून अंगणात जाऊन आले.

मावशींनी परभणीला परीक्षा दिली, लायसन्स मिळवलं. पण गावाबाहेर गाडी काढायचा धीर त्यांना होईना. बाजार, दवाखाना, विहार, एवढ्यातच त्या फिरायच्या. चारठाण्याच्या रस्त्याला लागायचं म्हटलं की ट्रक आठवायचे. सर शेजारी बसले असते तर गेल्या असत्या, असं त्या मला म्हणायच्या. सरांना मात्र म्हणत नव्हत्या.

अशात एसटीचा संप सुरू झाला. सर तोवर निवृत्त झाले होते. रोज सकाळी ते डेपोसमोरच्या मांडवात जाऊन संपकऱ्यांत बसायचे, जाताना मावशींनी केलेल्या भाकऱ्यांची चळत न्यायचे. एक दिवस त्यांना कुणीतरी चार शब्द बोलायला सांगितलं. सर रशियापासून सुरू झाले. इटलीकडून यंत्रं घेऊन मोटारींसाठी नदीकाठी अख्खं शहर कसं वसवलं ते सांगितलं. शेवटी हात उंच करून ते म्हणाले, "एसटीचं चाक फिरेपर्यंत मी कुठल्याच चाकावर बसणार नाही."

टाळ्या पडल्या. सरांचा अंदाज होता, आठवडाभरात मिटेल. महिने गेले. सर शब्दाचे इतके पक्के की डोळ्यांच्या डॉक्टरकडे स्टुलाला चाकं आहेत म्हणून त्यांनी उभ्यानं अक्षरं वाचली. मावशींनी कपाळावर हात मारला. "देवाला मानत न्हाईत, पण नवस बरा फेडायलेत," त्या म्हणाल्या.

एका रविवारी सकाळी चारठाण्याहून दादाच्या शेजाऱ्याचा फोन आला. दादाला पहाटेपासून दम लागला होता, बोलता येत नव्हतं. ॲम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन जालन्याकडे गेलेली, गावातली जीप लग्नाला गेलेली. मावशींनी फोन ठेवला, किल्ली घेतली आणि जिन्याखालून मला हाक मारली. "तू चल संगं. मला एकटीला भ्या वाटायलंय."

डेपोवरूनच रस्ता होता. मावशींनी मांडवासमोर गाडी उभी केली, काच खाली घेतली. सर धावत आले.

"दादाला दम लागलाय. आणायला जायले. बसा."

सरांचा हात दाराच्या मुठीवर गेला आणि तिथंच राहिला. मांडवातली सगळी माणसं बघत होती. त्यांच्यातले सगळ्यांत जुने ड्रायव्हर, ज्यांना सगळे आबा म्हणत, ते उठून उभे राहिले. "सर, जावा की. तुमचीच गाडी हाय."

"तू हो पुढं," सर मावशींना म्हणाले. "मी येतो."

"कशानं येताव?"

सरांनी दाराची मूठ सोडली. मावशींनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि गाडी काढली. मी मागं वळून पाहिलं तर सर उपरणं डोक्याला गुंडाळून आमच्या मागोमाग चारठाण्याच्या रस्त्याला लागले होते. चालत. मला त्या क्षणी त्यांचा इतका संताप आला की मी ते मावशींना सांगितलंही नाही.

मावशी सगळा रस्ता गाडीशी बोलत होत्या. "चल माय, चल." मागून ट्रक हॉर्न मारत होते, त्या ढळल्या नाहीत. दादा अंगणात खाटेवर बसून दोन्ही हात टेकून श्वास ओढत होता. ओठ काळेनिळे झालेले. आम्ही त्याला मागच्या सीटवर घातलं, फोन करणारा शेजारी त्याला धरून बसला, मी पुढं. बहिणीला चालवायच्या जागेवर बघून दादानं काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. "बोलू नगंस," मावशी म्हणाल्या आणि निघाल्या.

येताना वाटेत सर दिसले. भर उन्हात, रस्त्याच्या कडेनं, धुळीनं पांढरे झालेले. आमची गाडी ओळखून ते थांबले आणि त्यांनी हात केला. एसटीला करतात तसा, सरळ, पूर्ण लांब. मावशींनी बघितलं. मला वाटलं ब्रेक दाबतील. त्यांनी गिअर बदलला. मी त्यांना चौथ्या गिअरमध्ये गाडी चालवताना पहिल्यांदाच बघत होते. आम्ही सरांना ओलांडून गेलो. आरशात दिसलं, त्यांचा हात खाली आला. मग वळले आणि जिंतूरच्या दिशेनं परत चालायला लागले.

दवाखान्यात दादाला लगेच ऑक्सिजन लावला. वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाले. दुपार कलली तेव्हा दादाच्या ओठांना रंग आला, आणि त्याच सुमारास सर लंगडत आले. आत जाऊन दादाचा हात धरून बसले. मग बाहेर येऊन मावशींच्या शेजारी बाकावर टेकले. चपलेचा अंगठा तुटला होता.

"मी हात केला होता," सर म्हणाले.

"दिसला."

"बसायलाच केला होता."

"ते बी कळलं." मावशी समोर बघत होत्या. "थांबले असते तर तुमी आगुदर बोलले असताव. शब्द काहून मोडायलाव ते सांगितलं असतं, मंग दार उघडलं असतं. दादाकडं तितका येळ नव्हता."

सर मान खाली घालून ऐकत होते. "बरोबर केलंस," ते म्हणाले.

"बरोबर का चूक ते मला सांगू नका. जिंदगीभर मी तुमच्या संगं एसटीची वाट पाह्यली, मला कधी तकलीफ वाटली न्हाई. पण आज तुमाला वलांडून जाताना लय तकलीफ झाली. पुन्यांदा मला असं करायला लावू नका." एवढं बोलून त्या पदर तोंडाला लावून रडल्या. मी उठून पाणी आणायच्या निमित्तानं बाजूला गेले.

दादापाशी त्याचा तो शेजारी थांबला होता. दोघांसाठी जेवण आणायला घरी जायचं होतं. मावशींनी गाडीचं दार उघडलं. सर गाडीपाशी येऊन उभे राहिले.

"जागा हाय का?" त्यांनी विचारलं.

"हाय," मावशी म्हणाल्या.

सर पुढं बसले. बसताना डोकं आपटलं. पट्टा कुठं अडकवायचा ते त्यांना सापडेना. मावशींनीच वाकून अडकवला. सर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून काचेतून बघत राहिले. डेपो आला तसे ते म्हणाले, "इथं थांबव जरा."

मला कळलं काय होणार ते. सर उतरले, मांडवासमोर गेले, हात जोडले. आवाज वर्गातला होता. "मी तुमच्यासमोर शब्द दिला होता," ते म्हणाले. "तो आज मी मोडला. मी मोटारीत बसून आलोय. त्याचं कारण असं की..."

आबा ड्रायव्हर मधेच उठले आणि सरांच्या जवळ आले.

"सर, ते ऱ्हाऊ द्या. सकाळधरनं आमी समदे घोर लावून बसलोत. पेशंट कसा हाय ते आगुदर सांगा."

सरांनी जोडलेले हात खाली घेतले. त्यांनी वळून गाडीकडे बघितलं.

मावशींनी काच खाली घेतली. "बरा हाय," त्या म्हणाल्या. "भाकर मागायलाय."